त्या ‘नाही’ म्हणत होत्या : विक्का मानणाऱ्या तरुण मंडळींना खुलं पत्र

प्रिय मुलींनो, आणि त्या संध्याकाळी गच्चीवर सतरंज्या घालणाऱ्या दोघा मुलांनो,

३१ ऑक्टोबरला, चेटकिणींशी नातं सांगणाऱ्या तुमच्या विक्का धर्माच्या सॉविनला, म्हणजे गेलेल्यांची आठवण काढायच्या सणाला, मी आले होते. आले ती भाचीच्या आग्रहाखातर, थांबले मात्र मनापासून. गच्चीच्या चार दिशांना चार दिवे, मधोमध झेंडूच्या पाकळ्यांचं वर्तुळ, त्यात कोरलेला लाल भोपळा. मग प्रत्येकाने आपल्या गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं. मी आईचं नाव घेतलं. घेताना आवाज फुटेना, तेव्हा शेजारच्या, त्याच दिवशी ओळख झालेल्या मुलीने माझा हात धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. हे आधी सांगते, कारण पुढे जे लिहिणार आहे ते तुमची टर उडवायला नाही.

त्यानंतर तुमच्यातल्या एकीने कागद वाचला. ज्या नव्वद लाख चेटकिणींना चर्चने जिवंत जाळलं त्या आपल्या पूर्वज, आणि त्यांचा हजारो वर्षांचा जुना धर्म आपण पुढे चालवतो आहोत, असं त्यात होतं. सगळ्यांनी माना खाली घातल्या, मीही घातली. पण मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला आहे, आणि ते मिनिट मला फार जड गेलं. घरी जाताना भाचीने विचारलं, “मावशी, एकदम गप्प का झालीस?” तेव्हा नीट सांगता आलं नाही. आता सांगते, आणि तिला विचारूनच सगळ्यांसमोर सांगते, कारण हाच मजकूर आणखी कितीतरी ठिकाणी भक्तिभावाने वाचला जातो.

आकडा आधी घेते. तो कुठून आला हे आज माहीत आहे. १७८४ साली क्वेडलिनबुर्ग या जर्मन गावात गॉटफ्रीड क्रिस्टियान फॉइग्ट नावाचे एक गृहस्थ होते. गावच्या जुन्या दप्तरात त्यांना चेटकाच्या आरोपावरून मारलेल्यांच्या थोड्या नोंदी सापडल्या. त्यावरून त्यांनी सरळ त्रैराशिक मांडलं: एका गावात इतक्या वर्षांत इतके, तर सगळ्या युरोपात इतक्या शतकांत किती? उत्तर आलं ९४,४२,९९४. हेतू चांगला होता, त्या काळोख्या दिवसांची भीषणता लोकांना कळावी म्हणून त्यांनी लिहिलं. पण एका गावच्या मूठभर कागदांवरून खंडाचा हिशेब होत नसतो. पुढे तो आकडा नव्वद लाखांवर स्थिरावला, १८९३ साली अमेरिकेत स्त्रियांच्या मताधिकारासाठी झगडणाऱ्या मॅटिल्डा जॉसलिन गेज यांच्या पुस्तकात आला, आणि तिथून स्त्री चळवळीत आणि तुमच्या कागदावर. आज इतिहासकार देशोदेशीचे खटले एकेक करून वाचतात. सुमारे १४५० ते १७५० या तीनशे वर्षांत चाळीस ते साठ हजार माणसांना मृत्युदंड झाला, असं बहुतेकांचं मत आहे. त्यांत तीन चतुर्थांशांहून अधिक बायका होत्या, पण आइसलँडमध्ये जवळजवळ सगळे पुरुष. शिक्षा देणारी बरीचशी न्यायालयं चर्चची नव्हती, राजाची आणि गावची होती. आणि इंग्लंडमध्ये या गुन्ह्याला फाशी होती, जाळत नसत.

साठ हजार ही लहान संख्या नाही. मला तर नव्वद लाखांपेक्षा तीच जास्त हादरवते, कारण तिच्यामागे नावं आहेत, जबान्या आहेत. त्या माणसांनी मरताना काय सांगितलं ते वाचता येतं.

त्यातलं एक नाव योहानेस युनियस. जर्मनीतल्या बांबेर्ग शहराचे नगराध्यक्ष, वय पंचावन्न. त्यांच्या बायकोला आधीच चेटकीण ठरवून मारलं होतं. जून १६२८ मध्ये त्यांना धरलं, अंगठ्यांना खिळी लावली, हात मागे बांधून दोरावर टांगलं आणि वरून सोडलं, पुन्हा पुन्हा. २४ जुलैला त्यांनी तुरुंगातून मुलीला, फेरोनिकाला, चोरून पत्र लिहिलं. दोन्ही हात लुळे झाले होते, म्हणून लिहायला कित्येक दिवस लागले, हे त्यातच लिहिलं आहे. पत्राची सुरुवातच अशी की निरपराध मी तुरुंगात आलो, निरपराध माझा छळ झाला, निरपराध मला मरावं लागणार. जो या चेटूक-तुरुंगात येतो त्याला चेटक्या व्हावंच लागतं, किंवा डोक्यातून काहीतरी रचून सांगेपर्यंत त्याचे हाल करतात. खुद्द जल्लाद त्यांना म्हणाला, देवासाठी काहीतरी कबूल करा, खरं असो की खोटं, पुढचा छळ तुम्हाला सोसवायचा नाही. मग त्यांनी रचलं: शेतात बसलो होतो, एक मुलगी आली, तिचा बोकड झाला. तेवढ्यावर भागलं नाही. मेळाव्यात आणखी कोण होतं, विचारलं. शहरातल्या गल्ल्यांची नावं घेऊन विचारलं, या गल्लीत कोण, त्या गल्लीत कोण. शेवटी मुलीला लिहिलं आहे की निरोप घेतो, तुझा बाप तुला पुन्हा दिसणार नाही. ते पत्र आजही आहे. ते मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दुसऱ्या दिवशी वर्गात शिकवू शकले नव्हते.

आता मला सांगा, या माणसाला तुम्ही तुमच्या धर्माचा हुतात्मा कसं म्हणणार? त्याने जीव तोडून एकच गोष्ट सांगितली, की मी तो नव्हे.

सेलम घ्या. अमेरिकेतलं, १६९२. तिथे ज्यांनी चेटूक कबूल केलं ते बहुतेक वाचले. ज्या एकोणीस जणांना फासावर चढवलं ते कबूल करायला तयार नव्हते, एकाने तर दिलेली कबुली परत घेतली आणि त्यापायी जीव गमावला. एकाहत्तर वर्षांच्या रिबेका नर्स म्हणजे देवभोळी, चर्चमध्ये मान असलेली बाई. त्यांची बहीण मेरी ईस्टी हिने न्यायाधीशांना अर्ज लिहिला की मी माझ्या जिवासाठी मागत नाही, मला मरायचं आहे हे ठाऊक आहे, पण यापुढे निरपराधांचं रक्त सांडू नका. २२ सप्टेंबरला तिला फाशी झाली. खोटं एक ‘हो’ म्हटलं असतं तर बहुधा घरी गेली असती. तिच्या त्या ‘नाही’ची किंमत तिने मोजली आहे, आणि आपण दिवा लावून तिच्या वतीने ‘हो’ म्हणतो.

सगळ्यांनीच नाकारलं असं नाही, तेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. काहींनी आपण होऊन कबुली दिली, काहींचा स्वतःच्या शक्तीवर विश्वासही असावा. पण त्यांच्या मंत्रांत काय होतं? १६१२ साली इंग्लंडमधल्या लँकशर परगण्यातल्या पेंडलच्या खटल्यात चॅटॉक्स नावाने ओळखली जाणारी, जवळजवळ आंधळी झालेली म्हातारी होती. कुणाची दारू कुणाच्या करणीने नासली तर ती मंत्र म्हणायची. तो मंत्र नोंदला गेला आहे. तीन जणांनी तुला चावलं, हृदयाने, वाईट नजरेने, वाईट जिभेने. त्यावर उतारा बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा. आणि प्रभूच्या पाच जखमांच्या नावाने पाच-पाच प्रार्थना. माझी आजी संध्याकाळी मीठ-मोहऱ्या ओवाळून आल्यागेल्याची दृष्ट काढायची, त्याच जातीची ही गोष्ट. त्यात कुठली जुनी देवी लपलेली नाही. तिच्या खेड्यातला, तिच्या आजीच्या वेळचा कॅथलिक ख्रिस्ती धर्म आहे.

मग ‘जुना धर्म’ ही कल्पना आली कुठून? १८२८ साली कार्ल अर्न्स्ट यार्के या बर्लिनच्या कायद्याच्या प्राध्यापकाने पहिल्यांदा सुचवलं की चेटूक म्हणजे ख्रिस्तपूर्व धर्माचं बिघडलेलं रूप असावं. म्हणजे खटले अगदीच हवेतले नव्हते, असं त्याला सुचवायचं होतं. १८६२ साली फ्रेंच इतिहासकार ज्यूल मिशले यांनी तीच कल्पना उलटी केली: चेटकीण म्हणजे सरंजामदारांविरुद्ध बंड करणारी रयतेची बाई. पण खरं बळ दिलं ते मार्गारेट मरे यांनी.

या बाईंबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण मला त्यांचं मनापासून कौतुक आहे आणि त्यांचा रागही येतो. जन्म १८६३ चा, आपल्या कलकत्त्याचा. तिथल्याच इस्पितळात त्यांनी परिचारिकेचं काम केलं. पुढे लंडनला जाऊन इजिप्तच्या प्राचीन इतिहासाच्या नामवंत अभ्यासक झाल्या, तेही बायकांना विद्यापीठात कोपरा मिळणं मुश्कील होतं त्या काळात. पहिल्या महायुद्धात इजिप्तला जाता येईना, म्हणून चेटकाचे खटले हातात घेतले आणि १९२१ साली पुस्तक लिहिलं. मांडणी अशी की सगळ्या पश्चिम युरोपात एक संघटित गुप्त धर्म टिकून होता, तेरा-तेरा जणांची मंडळं होती, शिंगं असलेला देव होता, आणि खटल्यांतल्या कबुल्या म्हणजे त्या धर्माचं डोळ्यांनी पाहिलेलं वर्णन.

आता त्या कबुल्या कशा होत्या पाहा. स्कॉटलंडमधल्या ऑल्डर्नच्या इझोबेल गाउडीने १६६२ साली चार जबान्या दिल्या. मंडळात तेरा जण असतात, हे तिच्या जबानीत आहे. पण ती हेही सांगते की आम्ही गवताच्या काडीवर बसून, एक मंत्र ओरडून उडायचो, मी सशाचं रूप घ्यायचे, टेकडीच्या पोटात जाऊन पऱ्यांच्या राणीकडे पोटभर मांस खाल्लं. मरे यांनी अशा जबान्यांतलं खाणंपिणं, नाच, माणसांची संख्या ठेवली आणि उडणं, रूप पालटणं बऱ्याच ठिकाणी गाळून मधे ठिपके टाकले. ठिपक्यांच्या जागी काय होतं हे इतिहासकार नॉर्मन कोन यांनी १९७५ साली मूळ कागद शेजारी ठेवून दाखवलं. जाणकारांनी शंका विसाव्या शतकाच्या वीस-तीसच्या दशकांतच काढल्या होत्या, पण १९२९ पासून एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकात ‘चेटूक’ ही नोंद मरे यांचीच होती आणि ती चाळीस वर्षं राहिली. घरोघरच्या कपाटात तेच. मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगायचे, उताऱ्यात तीन ठिपके दिसले की मूळ पुस्तक काढा. ती सवय मला या प्रकरणानेच लावली.

जेराल्ड गार्डनर यांनीही मरे वाचल्या होत्या. आयुष्याची बरीच वर्षं सिलोन, बोर्निओ, मलायात चहा-रबराच्या मळ्यांवर आणि जकात खात्यात काढलेला हा इंग्रज १९३६ साली मायदेशी परतला. त्यांचं म्हणणं असं की सप्टेंबर १९३९ मध्ये दक्षिण इंग्लंडमधल्या न्यू फॉरेस्ट भागातल्या चेटकिणींच्या एका जिवंत मंडळाने त्यांना दीक्षा दिली. १९५१ साली इंग्लंडमधला जुना चेटूक कायदा रद्द झाला, १९५४ साली गार्डनर यांचं पुस्तक आलं, त्याला प्रस्तावना मरे यांची. तिथून विक्का जगापुढे आला. वर्तुळ काढायची रीत, काळ्या मुठीचा सुरा, तीन पायऱ्यांची दीक्षा, ‘तथास्तु’सारखा शेवटचा उच्चार, यांतलं बरंच काही फ्रीमेसन या दीक्षा देणाऱ्या बंधुसंघटनेकडून, जादूच्या जुन्या हस्तलिखितांतून आणि गूढविद्येवर लिहिणारे इंग्रज लेखक अलिस्टर क्रोली यांच्या लिखाणातून आलेलं आहे.

हे शोधून काढणारी बाई कोण होती माहीत आहे? बाहेरची टीकाकार नव्हे. गार्डनर यांचीच शिष्या आणि त्यांच्या मंडळाची मुख्य पुजारीण डोरीन व्हॅलिएंटी. १९५३ साली दीक्षा घेतल्यावर तिने विधी वाचले आणि क्रोलीच्या ओळी ओळखल्या. तिने विचारल्यावर गार्डनर म्हणाले, तुला याहून चांगलं जमत असेल तर लिही. तिने लिहिलं. त्या रात्री तुम्ही सगळ्यांनी उभं राहून देवीचं जे वचन म्हटलंत, ज्याने माझ्या अंगावर शहारा आला, ते मुख्यतः तिने घडवलेलं आहे. काही ओळी चार्ल्स लेलंड यांच्या १८९९ च्या ‘अराडिया’ या पुस्तकातून घेतलेल्या, बाकीची लय डोरीनची.

१९५७ साली मंडळातल्या लोकांनी गार्डनर यांना म्हटलं, वर्तमानपत्रांत इतकं मिरवू नका, काही नियम ठरवू. तर त्यांनी लगेच ‘प्राचीन नियम’ काढून दिले. त्यांत असंही होतं की मुख्य पुजारणीने वय झालं की तरुण बाईसाठी आनंदाने जागा सोडावी. डोरीन तेव्हा पस्तीसची. तिने विचारलं, हे प्राचीन नियम इतके दिवस कुठे होते? आणि ती मंडळ सोडून गेली. देवी मात्र सोडली नाही. १९९९ साली वारेपर्यंत ती याच धर्माची राहिली. हे माझ्या मते तुमच्या परंपरेतलं सगळ्यात तेजस्वी पान आहे, आणि तुमच्या कागदावर तिचं नाव नाही.

तुम्ही ज्या वहीत विधी उतरवता तिला तुमच्यात ‘छायांचं पुस्तक’ म्हणतात. डोरीनने दाखवून दिलं की १९४९ साली एका गूढविद्येच्या मासिकात मीर बशीर या हस्तसामुद्रिकाचा याच नावाचा लेख आला होता, माणसाची सावली मोजून भविष्य सांगणाऱ्या एका संस्कृत पोथीवर. त्याच अंकात गार्डनर यांच्या कादंबरीची जाहिरात होती. नाव तिथून उचललं असावं, हा तिचा तर्क. मला तो पटतो.

वाद मिटला आहे असं मी म्हणत नाही. न्यू फॉरेस्टच्या त्या मंडळातली म्हणून गार्डनर यांनी जिचं नाव घेतलं ती डोरोथी क्लटरबक मुळात होती की नाही, अशी शंका होती. डोरीनने १९८० पासून दप्तरं धुंडाळून ती खरी होती हे सिद्ध केलं: जन्म १८८० चा, हिंदुस्थानातला, लष्करी अधिकाऱ्याच्या घरातला. पण इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी तिच्या डायऱ्या वाचून म्हटलं की ही तर चारचौघींसारखी चर्चला जाणारी प्रतिष्ठित बाई, चेटकाशी हिचा संबंध दिसत नाही. गार्डनर यांचे चरित्रकार फिलिप हेसलटन यांना वाटतं की न्यू फॉरेस्टमध्ये मंडळ खरोखर होतं. तेही खरं धरलं तरी ते विसाव्या शतकातल्या पुस्तकं वाचणाऱ्या हौशी माणसांचं. हजार वर्षांचा धागा त्यातून निघत नाही.

धाग्याची सगळ्यात जवळची गोष्ट सापडली ती इटलीत. फ्रिउली भागात बेनान्दान्ती नावाचे लोक होते. गर्भाभोवतीचा पातळ पडदा अंगावर घेऊन जन्मलेले. वर्षातल्या ठरावीक रात्री आपला आत्मा शरीर सोडून जातो आणि पीक वाचवण्यासाठी चेटक्यांशी लढतो, असं ते सांगत. यांच्या हातात बडीशेपेच्या काड्या, चेटक्यांच्या हातात ज्वारीची ताटं. इतिहासकार कार्लो गिन्झबर्ग यांनी १९६६ साली हे खटले पुढे आणले. शेतीच्या जुन्या समजुतींचा खरा अंश इथे आहे, हे मान्य करायला हवं. पण हे लोक १५७५ पासून न्यायाधीशांना काय सांगत होते? आम्ही चेटक्यांच्या विरुद्ध आहोत, ख्रिस्ताच्या बाजूने लढतो. न्यायाधीशांना ते कळेना. पन्नास-साठ वर्षं तेच तेच प्रश्न विचारून विचारून अखेर त्यांच्यातल्या काहींच्या तोंडून वदवून घेतलं की होय, आम्ही चेटके. इथेही पुन्हा तेच. आधी ‘नाही’, मग दुसऱ्याने घातलेलं नाव.

मला हे इतकं का लागतं, तेही सांगते. नोकरीची पहिली सहा वर्षं मी सातपुड्यात, धडगावच्या बाजूला होते. चौथीतल्या एका मुलाची आजी एका सकाळी शाळेच्या ओसरीत येऊन भिंतीला टेकून बसली. शेजारचं लेकरू तापाने गेलं होतं आणि भगताने हिचं नाव घेतलं होतं. डाकीण. पायात काही नव्हतं, कपाळावर दगडाची खोक. पाणी दिलं तर हातात धरून बसली, प्यायली नाही. दुपारपर्यंत ती एकच वाक्य म्हणत होती, मी कोणाचं काही केलं नाही. आम्ही दोघी शिक्षिकांनी तिला पोलीस ठाण्यात नेलं. २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला, एखाद्याला करणी करणारा ठरवून छळणं हा गुन्हा झाला. तेव्हा मला तीच ओसरी आठवली.

उद्या कोणी दूर देशी दिवा लावून म्हणालं की ती आजी आमच्या प्राचीन धर्माची थोर डाकीण होती, तर? प्रेमानेच म्हणतील. पण तिच्यावर फेकलेला तोच शब्द असेल.

८ मार्च २०२२ रोजी स्कॉटलंडच्या तेव्हाच्या प्रमुख निकोला स्टर्जन यांनी चेटूक कायद्याखाली मारल्या गेलेल्यांची सरकारतर्फे माफी मागितली. ती माफी अन्यायाने मारल्या गेलेल्या माणसांची होती, चेटकिणींची नव्हे. मला तोच फरक तुमच्या कागदावर हवा आहे.

तुमचा धर्म नवा आहे, एवढंच. इंग्लंडने जगाला दिलेला हा एकमेव धर्म, असं त्याचा इतिहास लिहिणारे हटनच म्हणतात. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे ७४ हजार लोकांनी पेगन (ख्रिस्तपूर्व देवदेवता मानणारे) आणि १३ हजारांनी विक्का असा धर्म लिहिला. सार्वजनिक गणपती सुरू होऊन दीडशे वर्षंही झालेली नाहीत, आणि तो आधी कोणी बसवला यावर पुण्यात अजून वाद होतो. म्हणून विसर्जनाला गळा दाटायचा राहतो का? गच्चीवर माझ्या आईसाठी तुम्ही जो दिवा लावलात त्याला हजार वर्षांचा दाखला लागला नाही.

तेव्हा पुढच्या ऑक्टोबरसाठी माझी विनंती. नव्वद लाख काढून टाका. ‘आपल्या पूर्वज’ आणि ‘त्यांचा धर्म’ हेही. स्मरण मात्र ठेवाच. नावं घ्या: मेरी ईस्टी, रिबेका नर्स, योहानेस युनियस. त्यांनी स्वतःबद्दल जे सांगितलं तेच वाचा. युनियसच्या पत्राचं मी मराठी केलं आहे, भाचीकडे पाठवते. मोठ्याने वाचायला सात-आठ मिनिटं लागतात. त्याच्यानंतर डोरीनचं देवीवचन म्हणा, तिचं नाव घेऊन म्हणा.

बोलावलंत तर मी येईन. आणि भोपळा कोराल तेव्हा आतला गर टाकू नका. या वेळी सगळा कचऱ्याच्या पिशवीत गेलेला मी पाहिला. झाकून फ्रिजमध्ये ठेवा, मी दुपारीच येऊन घारगे करते.

तुमची,
एक मावशी